चार दशांशाचं पोट

मकरपुरा जीआयडीसी, आमची शेड शेवटून दुसरी.
जयंतीभाई चेवडावाले फडक्यात बांधून घेऊन आले
तुटलेला कॅम,
हळदीचा, लिल्या चेवड्याचा वास मारणारा.
"बेन, आनो भाई बनावी आपो."

ड्रॉइंग नाही. तीन दिवस मशीन बंद.
काम तसं साधं : पुडीगणिक सुरी उचलायची,
गोगलगायीच्या चालीनं चढवत न्यायची वर
आणि काठाशी आल्यावर
सोडून द्यायची.

मी समीकरण लिहिलं.
त्रिज्या म्हणजे बारा, अधिक कोन फिरेल तसा चढ.
एक्स आणि वाय भरले, टी शून्यापासून तीनशेसाठपर्यंत,
एंटर.
पडद्यावर मांजरानं खेळून टाकलेला लोकरीचा गुंडा.
अंश नव्हे बाई, रेडियन.
अकरा वर्षं झाली या खुर्चीत, अजून चुकते.
तीनशेसाठ खोडून दोन पाय लिहिले,
आणि दोन पाय मिळाल्यावर
वक्र निमूट चालायला लागला.

मग खरा कॅम, तुकडे चिकटवून, डायल गेजखाली.
दर दहा अंशांना एक आकडा.
सुरुवात जुळली. शेवट जुळला.
मध्येच, एकशेवीसच्या आसपास,
चार दशांश मिलिमीटर जास्त.

जास्त?
झिजलेलं लोखंड कमी होतं, बाळसं धरत नाही.
"हातनी घासाई छे," हितेश म्हणाला, "छोडो ने."
पण कानशीचा हात चुकला तर इकडे चुकतो, तिकडेही चुकतो.
हे पोट एकाच बाजूला सुटलेलं,
हळूच वाढून हळूच ओसरणारं,
कुठेही अडखळ नाही.

पाठीवरची हळद रॉकेलनं पुसली.
छिन्नीनं कोरलेलं, वाकडं : ग. मा. ७९.

दुपारी फाटकाजवळ ड्रिलांना धार लावणाऱ्या
हबीबचाचांना दाखवलं.
चष्मा कपाळावर, कॅम नाकाशी.
"मांढरे! गणोजी मांढरे. वो डोरीवाला."
कोण डोरीवाला?
"पत्र्यावर बोल्ट ठोकायचा,
उत्तरायणातली उरलेली डोरी त्याच्यावर गुंडाळायचा,
टोकाला खिळा. मग ताणून धरून उलगडत जायचा,
श्वाससुद्धा घ्यायचा नाही.
मराठीत शिव्या द्यायचा कुणी बोललं तर."

चहा तसाच राहिला माझा.
उलगडणारी दोरी सरळ हिशेबानं लांब जात नाही,
ती प्रत्येक क्षणी बोल्टला स्पर्शून निघते.
तिचा वक्र वेगळा, तिचं समीकरणही वेगळं :
एक्स म्हणजे ए गुणिले, कंसात, कॉस टी अधिक टी साइन टी,
वायला साइन टी, वजा टी कॉस टी.
इन्व्होल्यूट. दुसऱ्या वर्षाला होता,
सात मार्कांना.

ए च्या जागी पाच टाकून पाहिले. नाही.
साडेपाच. नाही.
सहा.
छत्तीसच्या छत्तीस आकडे
रेघेवर येऊन बसले, कबुतरं छज्जावर बसतात तसे.
सहा त्रिज्या म्हणजे बारा मिलिमीटरचा बोल्ट.
तसले आमच्याकडे बादलीभर पडलेत,
दाराला पाचर म्हणून एक वापरतो.

सरळ चढाचा कॅमही चालला असता कदाचित.
मी तपासलं नाही.
सॉफ्टवेअर देवनागरी घेत नाही,
म्हणून ए खोडून रोमन अक्षरांत मांढरे लिहिलं,
बरोबर सहा,
आणि फाइल मशीनवर पाठवली.

शनिवारी जयंतीभाईंकडून अर्धा किलो चेवडा आला.
पुडीची कड सरळ कापलेली. द्राक्षं जरा जास्तच.

घरी जाताना लालबागच्या पुलाखाली
विजेच्या खांबाला वेढे घालून बसलेला जुना मांजा,
एक टोक मोकळं.
वारा त्याला उलगडू बघत होता.
दिवा हिरवा झाला असावा,
मागे हॉर्न वाजत होते.